दाराच्या चौकटीवरच्या रेघा

जुलैत शाळेत उंची-वजनाचं काम निघतं. भिंतीला चिकटवलेली टेप, खाली वजनकाटा आणि एकमेकांना ढकलणारी पोरांची रांग. यंदा त्या गडबडीतच एक आई आली. मुलगा आठवीत, मुलगी सहावीत, दोघं आमच्याकडेच. तिने पिशवीतून पावडरीचा मोठा डबा काढून माझ्या टेबलावर ठेवला. "बाई, तीन महिने झाले, रोज दोन चमचे घालून दूध देतेय. धाकटी ह्याच्या डोक्यावरनं गेली आणि हा आहे तिथंच. घरात आता ह्याला बुटक्या म्हणून हाक मारतात." मुलगा दाराशी उभा होता, चपलेच्या टोकाने फरशी घासत.

त्याची उंची भरली १४४ सेंटिमीटर. बहिणीची १४६.

मी विज्ञान शिकवते, डॉक्टर नाही. पण हा प्रश्न दर वर्षी, दर इयत्तेत, कुणा ना कुणाच्या घरातून येतोच. आणि दर वर्षी मला जाणवतं की आपण पोरांची उंची भाजीच्या भावासारखी बघतो. आज किती, शेजारच्याकडे किती. वाढीचा खरा हिशेब त्या आकड्यात नसतोच. तो असतो दोन आकड्यांच्या मधल्या अंतरात.

बाळ जन्मतं तेव्हा साधारण ५० सेंटिमीटर असतं. पहिल्या एका वर्षात ते २५ सेंटिमीटर वाढतं. हाच वेग टिकला असता तर दहाव्या वर्षी पोरगं तीन मीटरचं झालं असतं! पण वेग झपाट्याने उतरतो. पहिलीपासून पाचवीपर्यंत वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर, एवढीच संथ चाल असते. मग वयात येताना पुन्हा उसळी येते. मुलींना ती साधारण अकरा-बाराव्या वर्षी येते आणि ऐन भरात त्या वर्षाला आठ सेंटिमीटरच्या आसपास वाढतात. मुलांना ती दोनेक वर्षं उशिरा, तेरा-चौदाच्या सुमारास येते, पण जरा जोरात, वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटर. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गाचा फोटो काढला की मागच्या रांगेत मुली उभ्या असतात आणि दहावीच्या निरोप समारंभाला चित्र उलटलेलं असतं. आणखी एक गंमत म्हणजे उसळी येण्याच्या जरा आधी वेग आणखी मंदावतो. घरात आरडाओरड सुरू होते ती नेमकी त्याच वर्षी.

मुलींच्या बाबतीत एक गोष्ट आयांना माहीत नसते. पाळी सुरू होते ती उसळीचा जोर ओसरल्यावर. पहिल्या पाळीनंतर मुलगी थोडीच वाढते, सरासरी पाच ते सात सेंटिमीटर. म्हणजे "पाळी आली, आता वाढेल" हे उलटं आहे. वाढायचं तिचं बरंचसं तोवर वाढून झालेलं असतं. तिच्या ताटाकडे लक्ष द्यायचं ते दहाव्या-अकराव्या वर्षी. आणि आपल्याकडे नेमकं त्याच वयात "बास आता, जाड दिसशील" सुरू होतं.

मोजून लिहून ठेवण्याचं हे वेड जुनं आहे. फ्रान्समध्ये फिलिबेर द मोंबेयार नावाच्या एका सरदाराने १७५९ साली जन्मलेल्या आपल्या मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली, थेट १७७७ पर्यंत. त्याचा मित्र ब्यूफों हा मोठा निसर्ग-अभ्यासक होता, त्याने ती नोंद आपल्या ग्रंथात छापली. एकाच मुलाच्या वाढीची इतकी सलग नोंद त्याआधीची सापडत नाही. वाढीचा अभ्यास करणारे आजही तिचा आलेख काढतात, आणि लहानपणीची घसरण, मधली संथ चाल, शेवटची उसळी हे सगळं त्यात स्वच्छ दिसतं. एका बापाने दाराच्या चौकटीवर मारलेल्या रेघाच त्या, फक्त वहीत उतरवलेल्या.

आता आत काय चालतं ते बघू. हाड रबरासारखं ताणून लांब होत नाही. मांडीच्या, पोटरीच्या, हाताच्या लांब हाडांच्या टोकांजवळ मऊ कूर्चेचा एक पातळ थर असतो, त्याला ग्रोथ प्लेट म्हणतात. तिथे दोन गवंडी एकामागे एक कामाला आहेत असं समजा. पुढचा कूर्चेचा नवा थर रचत जातो. मागचा त्या थरात चुना भरून त्याचं पक्कं हाड करत येतो. पुढचा पुढे पळतोय तोवर हाड लांबत राहतं. मागच्याने त्याला गाठलं की प्लेट मिटली, उंचीचं काम संपलं. मग बारला लोंबकळा, नाही तर उलटे टांगून घ्या, हाड लांब होणार नाही. तेलाच्या जाहिराती, बुटात घालायचे चुंबक वगैरे प्रकारांबद्दल मी जास्त लिहीत नाही.

ही प्लेट मिटवतं कोण? शाळेत असताना मला वाटायचं, मुलांच्यात टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, मिटवत असणार. तसं नाही. मुलगा असो की मुलगी, हे काम इस्ट्रोजेनचं, म्हणजे ज्याला आपण बायकांचं संप्रेरक समजतो त्याचं. मुलांच्या शरीरातही ते थोडं तयार होतंच. १९९४ साली अमेरिकेतल्या डॉक्टरांनी अठ्ठावीस वर्षांच्या एका माणसाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, पण इस्ट्रोजेनचा निरोप घेणारी यंत्रणाच जन्मतः बिघडलेली होती. त्याची उंची होती २०४ सेंटिमीटर, आणि हाडांचं वय पंधरा वर्षांच्या पोराइतकं. त्याच्या प्लेट अजून उघड्या होत्या आणि तो अजून वाढतच होता. मुली लवकर वयात येतात, त्यांच्या प्लेट लवकर मिटतात. मुलग्यांना उसळीआधी दोन वर्षं जास्तीची मिळतात. बायका-पुरुषांच्या सरासरी उंचीत जो तेराएक सेंटिमीटरचा फरक दिसतो, तो बराचसा इथून येतो.

गवंड्यांना हुकूम येतो डोक्यातून. मेंदूच्या तळाशी पीयूषिका ग्रंथी असते, तिथून वाढीचं संप्रेरक सुटतं. पण हा हुकूम बराचसा यकृतामार्फत हाडापर्यंत पोहोचतो. संप्रेरक आलं की यकृत आणखी एक पदार्थ तयार करतं आणि मग प्लेटवर काम जोरात सुरू होतं. मला यकृत हा जुन्या वाड्यातला कोठीवाला वाटतो. वरून कितीही हुकूम येवोत, तो आधी कोठीत डोकावतो. प्रथिनं आहेत का, पोटभर जेवण चालू आहे का, ताप-जुलाब तर नाहीत ना. माल कमी असेल तर तो हात आखडता घेतो. रोजचा खर्च भागून जे उरतं, त्यातून शरीर वाढीचं काम काढतं. आजारपणात पोरं वाढायची थांबतात ती यामुळेच, आणि बरी झाल्यावर नीट खायला मिळालं तर राहिलेलं अंतर बऱ्याच अंशी भरूनही काढतात.

मग आईबापांच्या उंचीचं काय? ती महत्त्वाची आहेच. डॉक्टर एक ढोबळ हिशेब करतात. आई आणि वडील यांच्या उंचीची सेंटिमीटरमध्ये बेरीज करायची, मुलगा असेल तर त्यात १३ मिळवायचे, मुलगी असेल तर १३ वजा करायचे, आणि उत्तराला दोनाने भागायचं. त्या आईला मी तिथेच विचारलं. वडील १६८, आई १५२. म्हणजे मुलाचा आकडा १६६.५, आणि मुलीचा १५३.५. दोन्ही बाजूंना आठेक सेंटिमीटर इकडेतिकडे धरायचे. हे भविष्य नव्हे, अंदाजाचा पट्टा आहे. पण १६८ च्या बापाने पोराकडून सहा फुटांची अपेक्षा धरली असेल तर डब्याचा काय दोष?

तरीही "आमच्या घराण्यातच नाही" म्हणून हात झटकायचीही सोय नाही. जगभरातल्या उंचीचा एक मोठा अभ्यास २०१६ साली प्रसिद्ध झाला. त्यात दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची शंभर वर्षांत २० सेंटिमीटरने वाढल्याचं दिसलं. शंभर वर्षांत रक्त बदलत नाही. बदललं ते ताट, पाणी, आणि लहानपणीची आजारपणं.

घरी मोजणार असाल तर नीट मोजा. अनवाणी, टाचा-पाठ-डोकं भिंतीला टेकलेलं, नजर समोर, आणि डोक्यावर पुस्तक आडवं काटकोनात धरून रेघ. वेळ दर खेपेला तीच. सकाळी उठल्यावर माणूस संध्याकाळपेक्षा सेंटिमीटरभर उंच असतो, कारण दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्या दबतात. सकाळी एकदा आणि सहा महिन्यांनी संध्याकाळी मोजलंत तर पोर वाढलंच नाही असं वाटेल. आणि दर रविवारी मोजायचं नाही. सहा महिन्यांतून एकदा पुष्कळ झालं. आपल्या मुलांसाठी वाढीचे तक्तेही आपलेच आहेत. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने ५ ते १८ वर्षांच्या मुलांचे सुधारित तक्ते २०१५ साली काढले, आणि त्या कामात पुण्याचे डॉ. वामन खाडिलकर पुढे होते. कुठल्याही बालरोगतज्ज्ञाकडे हा कागद मिळतो. त्यावर पोराचा ठिपका वरच्या रेघेवर आहे की खालच्या, याला फार अर्थ नाही. तो आपल्या रेघेला धरून चाललाय की एकेक रेघ ओलांडत खाली घसरतोय, एवढं बघायचं.

शाळेच्या वयात, वयात येण्याच्या आधी, वर्षाला चार सेंटिमीटरपेक्षा कमी वाढ होत असेल तर मात्र पावडर नको, डॉक्टर हवा. तेरा पूर्ण होऊनही मुलीत वयात येण्याची कुठलीच खूण नसेल, किंवा मुलग्यात चौदा पूर्ण होऊनही नसेल, तरी तेच. आणि मुलगी आठाच्या आतच वयात येऊ लागली, तरीही तेच, कारण ती आज वर्गात सगळ्यांत उंच दिसते आणि प्लेट लवकर मिटल्याने पुढे बुटकी राहू शकते. थायरॉईड, गव्हातलं ग्लुटेन न सोसणारं आतडं, जुनं दुखणं, अशी कारणं रक्ताच्या साध्या तपासणीत सापडतात आणि बऱ्याचदा त्यांवर इलाजही असतो. पण प्लेट मिटल्यावर गेलं तर डॉक्टरही काही करू शकत नाहीत.

आता झोप. यावर मला जरा जास्तच बोलायचंय, कारण ही भांडणं मी रोज बघते.

वाढीचं संप्रेरक दिवसभर थोडंथोडं, लाटांसारखं येतं. त्यातली मोठी लाट येते रात्री, पहिली गाढ झोप लागल्यावर. आजी म्हणायची, "पोर झोपेत वाढतं", ते अगदीच हवेतलं नव्हतं. म्हणून तासभर जास्त झोपलं की इतके सेंटिमीटर, असा हिशेब मात्र कुणी मांडू नये. झोप कमी पडली की आधी बिघडतं ते लक्ष, मग भूक, मग स्वभाव. सहा ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ ते बारा तास लागतात, तेरा ते अठराला आठ ते दहा.

आता माझ्या वर्गातल्या नववीच्या मुलीचा दिवस घ्या. सकाळच्या सत्राची घंटा सात वीसला होते. ती वाडीवरनं एसटीच्या पासावर येते. गाडी सहा दहाची, म्हणजे उठायचं पाचला. आठ तास झोप हवी तर नऊला दिवा मालवायला हवा. क्लास सुटतो साडेआठला. घरी पोचून जेवण, गृहपाठ. आणि समजा तिने हे सगळं उरकून नऊला अंग टाकलंच, तरी तिला झोप येत नाही! आईला वाटतं मोबाईलचं वेड. मोबाईल आहेच, नाही कोण म्हणतंय. पण पोरं वयात येताना मेंदूतलं घड्याळच पुढे सरकतं. झोपेचा निरोप देणारं मेलाटोनिन उशिरा सुटू लागतं आणि लहानपणापेक्षा झोपेची वेळ दोनेक तासांनी पुढे जाते. दहावीचं पोर अकराला टक्क जागं असतं आणि पहाटे पाचला दगडासारखं पडलेलं असतं. हा आळस नाही. विशीत हे घड्याळ पुन्हा मागे यायला लागतं.

महाराष्ट्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळेच्या वेळेचा एक निर्णय काढला. पूर्व-प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. लहानग्यांच्या आया खूश झाल्या, मलाही बरंच वाटलं. पण खरं सांगायचं तर चौथीपर्यंतची पोरं तशीही सहाला उठून घरभर नाचत असतात. ज्यांचं घड्याळ पुढे सरकलेलं आहे ती आठवीपासूनची, आणि ती अजून सात वीसच्या घंटेला धावताहेत. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ सालीच सांगितलं होतं की मोठ्या मुलांची शाळा साडेआठच्या आधी भरवू नका. कॅलिफोर्नियाने त्याचा कायदा केला आणि २०२२ पासून तिथली बहुतेक हायस्कुलं साडेआठच्या आधी भरत नाहीत. आपल्याकडे एकाच इमारतीत दोन सत्रं, शिवाय एसटीचं वेळापत्रक. सोपं नाही, मला माहीत आहे. पण निदान पहिल्या तासाला गणित ठेवू नका, एवढं आमच्या शिक्षकांच्या खोलीत मी दर जूनला म्हणते. दर जूनला पहिल्या तासाला गणितच येतं.

घरी करण्यासारखं एवढंच. सकाळी उठल्याउठल्या पोराला उजेडात काढा, अंगणात, गच्चीत, कुठेही. सकाळच्या उजेडाने ते घड्याळ थोडं मागे ओढलं जातं. मोबाईल रात्री स्वयंपाकघरात चार्जिंगला लावा, आणि आईबापांचाही तिथेच. रविवारी अकरापर्यंत लोळू देऊ नका. तास-दीड तास जास्त ठीक आहे. अकराला उठलेलं पोर रविवारी रात्री एकपर्यंत जागणार आणि सोमवारी माझ्या तासाला डोळे उघडे ठेवून झोपणार.

खाण्याचं बोलू, तो डबा अजून टेबलावर आहे. मी त्याच्या पाठीमागची बारीक अक्षरं आईला वाचायला लावली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात, म्हणजे जे पहिलं ते सगळ्यांत जास्त. साखर कितव्या नंबरवर आहे ते बघा, एवढंच मी म्हटलं. एप्रिल २०२४ मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात त्या नावाचा कुठला प्रकारच नाही. त्या पेल्यात पोराच्या कामाचं असतं ते मुख्यतः दूध, आणि ते घरचंच असतं.

तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलाला दिवसाला ४५ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं लागतात, मुलीला दोनेक ग्रॅम कमी. ऐकायला जड वाटतं. पण दिवसाच्या चार-पाच चपात्या-भाकऱ्यांतून पंधराएक येतात, मटकीच्या वाटीभर उसळीतून सात, दाट आमटीतून पाच, पेलाभर दुधातून सहा-सात, मूठभर शेंगदाण्यांतून सात, एका अंड्यातून सहा. झालं की! अडतं कुठे, तर आमटीत डाळ शोधावी लागते, उसळ आठवड्यातून एकदा होते, आणि ताटात अर्धा ढीग भाताचा. शेंगदाण्याच्या चटणीला आपण तोंडीलावणं समजतो. आमच्या सांगलीकडच्या गरिबाघरची पोरं तिच्यावर वाढलीत. चुन्याचं, म्हणजे कॅल्शियमचं म्हणाल तर शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं आणि तेवढ्याच दुधात एकशेवीस. या वयाला दिवसाला हजारभर लागतं. नाचणी कोकणातली म्हणून घाटावर आम्ही तिला आजारपणातल्या आंबिलीपुरती ठेवली, हे आमचं नुकसान.

उंचीपेक्षाही जास्त पोरींचं कुठे अडत असेल तर ते रक्तात. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी निघालं. मुलग्यांत ३१ टक्के. उसळीच्या काळात शरीराचं रक्त वाढतं, स्नायू वाढतात, त्या सगळ्याला लोह लागतं. मुलींचं वर दर महिन्याला जातं. हिमोग्लोबिन बाराच्या खाली आलं की ॲनिमिया. पण तपासणीआधीही दिसतं. जिना चढताना धाप, उगाच रडू, कवायतीत चक्कर. आणि एक खूण शिक्षकांनाच दिसते, ती म्हणजे पाटीवरची पेन्सिल खाणं. खडूचे तुकडे, भिंतीचा पोपडा, माती. दोन वर्षांपूर्वी वर्गातला खडू रोज कमी भरायचा. मला वाटलं पोरं एकमेकांना मारायला घेतात. मग एका मुलीच्या कंपासपेटीत अर्धवट कुरतडलेले खडू सापडले. मी रागावले. तिने मान खाली घालून सांगितलं, "बाई, वासच येतो, राहवत नाही." तिला ग्रामीण रुग्णालयात पाठवलं तेव्हा हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं. मातीसारखं काही खावंसं वाटणं हे बऱ्याचदा लोहाच्या कमतरतेचं लक्षण असतं, हे मला तेव्हा नीट कळलं, आणि आपण रागावलो याचं वाईट वाटलं.

शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी देतात, दहा ते एकोणीस वर्षांच्या सगळ्यांना. त्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि जोडीला फॉलिक ॲसिड असतं. योजना चांगली आहे. तरी आमच्याच वर्गाच्या खिडकीखाली पावसाळ्यात निळे ओघळ दिसले होते. कारण विचारलं तर सगळ्यांचं एकच: मळमळतं, आणि संडास काळी होते. काळी होणं हे गोळीतल्या लोहामुळेच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. मळमळतं ते बहुतेक उपाशीपोटी घेतल्याने. जेवणाच्या सुट्टीनंतर, पाण्याबरोबर, शिक्षकासमोर गिळली की तक्रारी निम्म्या होतात. दहा फेब्रुवारी आणि दहा ऑगस्टच्या जंतनाशक दिनाची चघळायची गोळीही याच साखळीतली. आतड्यातले आकडेकृमी थेट रक्तच पितात, आणि ते शिरतात ओल्या मातीत अनवाणी फिरणाऱ्या पायांतून.

आणि मग चहा. एकदा सकाळी पहिल्या तासाला मी विचारलं, आज काय खाऊन आलात? चहा-चपाती, चहा-खारी, चहा-बटर, नुसता चहा. चहातला तुरट अंश पोटात अन्नातल्या लोहाला घट्ट धरून ठेवतो आणि ते शरीराला मिळत नाही. पालेभाज्या-कडधान्यांतलं लोह मुळात शरीर फार कंजूषपणे घेतं, त्यात हा वाटेकरी. उलट लिंबू, आवळा, पेरू, कैरीची फोड सोबत असली की तेच लोह जास्त मिळतं. चहा सोडा असं मी सांगत नाही, मी स्वतः दिवसाला चार पिते. फक्त चपातीशी लग्न लावू नका. जेवणाआधी-नंतर तासभर सोडून प्या. चपातीबरोबर गूळ-शेंगदाणे, मटकी, कालची पालेभाजी चालेल, आणि वरून लिंबू पिळा. हळिवाचे लाडू बाळंतिणीसाठीच असतात असं कुठे लिहिलेलं नाही.

खेळाचं थोडक्यात. उसळीत हाडं आधी लांबतात आणि त्यांच्यात चुना मागाहून भरतो, म्हणून या वयात मनगटं आणि हात जास्त मोडतात. ऐन उसळीच्या आसपासच्या दोन वर्षांत आयुष्यभराच्या हाडांच्या साठ्याचा जवळजवळ चौथा हिस्सा जमतो. उड्या, धावणं, लंगडी, खो-खो, कबड्डी, म्हणजे जमिनीवर पाय आपटणारं काहीही, हाडाला तो साठा घ्यायला भाग पाडतं. वजनं उचलल्याने उंची खुंटते हे खरं नाही. नीट शिकवणारा जवळ असावा, एवढंच. दिवसाला तासभर अंग हलायला हवं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्या वेळापत्रकात आठवड्याला दोन तास 'शा. शि.' आहे आणि चाचणी जवळ आली की त्यातला एक विज्ञानाला जातो. म्हणजे मलाच.

त्या दिवशी मी मुलाची गेल्या वर्षीची नोंद काढली. १३९.५. म्हणजे वर्षात साडेचार. कमी वाटतं, पण चाराच्या वर आहे, आणि उसळीआधीची ती मंद चाल. तक्त्यावरचा ठिपका खालच्या बाजूला होता, पण तिसरीपासून त्याच रेघेला धरून. आईला म्हटलं, डबा संपला की नवा आणू नका, त्या पैशांची अंडी आणा. आणि त्याच्याबरोबर धाकटीलाही द्या, कारण तिची वर्षं आत्ता चालू आहेत. "तिला?" आई म्हणाली. "ती तर वाढलीच आहे की." मग मी पुन्हा पहिल्यापासून, पाळीच्या गोष्टीपासून, सांगायला बसले.

जानेवारीत दोघांना परत मोजलं. बहीण १४९.५. मुलगा १४७.५. आई आली नव्हती. पोराने आकडा वाकून स्वतः वाचला आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर आवाज मधेच फाटून भलत्याच पट्टीत गेला. रांगेतली सगळी पोरं हसली. तोही हसला.